एक्स्पिडिशन रेस नुसती लांब नसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघे मित्र, हाफ मॅरेथॉन आणि ट्रायथलॉन करून झालेत, आता अ‍ॅडव्हेंचर रेसिंगकडे, म्हणजे नकाशा बघत पळणं, सायकल, कयाक असं करत संघानं मिळून पार करायच्या रेसकडे, वळायचंय. पण पाच-सहा दिवस चालणाऱ्या, पाचशे-सहाशे किलोमीटरच्या एक्स्पिडिशन रेस जगात मोजक्या, त्यात उतरणारे संघही मोजके. मग सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच का? कर्जतच्या बाजूला सहा-आठ तासांची रेस करणाऱ्या मुंबईकराचा त्यांच्याशी काय संबंध?

संबंध आहे, कारण हा खेळ वरून खाली आला. न्यूझीलंडमध्ये 1983 पासून कोस्ट टू कोस्ट होते: पळणं, सायकल, कयाक करत दक्षिण बेट आडवं पार करायचं. पण ती एकट्यानं किंवा जोडीनं करायची रेस. 1989 मध्ये जेरार फ्यूझिल या फ्रेंच गृहस्थांनी न्यूझीलंडमध्येच रेड गोलवाज भरवली. पाच जणांचा संघ, त्यात किमान एक स्त्री, हातात नकाशा आणि होकायंत्र, कुठेही इंजिन नाही, आणि सगळ्यांनी मिळूनच पोहोचायचं. पुढे पाचाचे चार झाले, बाकी सांगाडा तोच राहिला. आज कुणी एक दिवसाची रेस आखतो तेव्हा चेकपॉइंट (वाटेत गाठायच्याच अशा ठरलेल्या जागा), संघानं एकत्र राहणं, जीपीएसवर बंदी, सक्तीच्या सामानाची यादी हे सगळं तिथूनच उचलतो. (आपल्याकडची रेड द हिमालय नावावरून यातलीच वाटते, पण ती मोटारींची रॅली.)

टीव्हीचा भाग पटकन सांगतो. रेड गोलवाजमध्ये उतरलेल्या मार्क बर्नेटनं 1995 मध्ये अमेरिकेत, युटामध्ये इको-चॅलेंज ही तशीच रेस सुरू केली. टीव्हीमुळे ती घराघरात पोहोचली आणि 2002 च्या फिजीतल्या रेसनंतर थांबली. कॅमेरे गेले तरी खेळ टिकला, कारण 2001 पासून वेगवेगळ्या देशांतल्या स्थानिक आयोजकांच्या रेस एका जागतिक मालिकेत बांधल्या जात होत्या आणि विश्वविजेतेपदाची रेस देशोदेशी फिरत राहिली: 2014 ला इक्वेडोर, 2015 ला ब्राझील, 2016 ला ऑस्ट्रेलिया, 2022 ला पॅराग्वे. माझ्या मते खेळासाठी टीव्हीपेक्षा हे जास्त मोलाचं. 2019 मध्ये फिजीत इको-चॅलेंज पुन्हा झाली, 66 संघ उतरले, त्यात डेहराडूनच्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणींचा भारतीय संघही होता. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ती ओटीटीवर आली आणि आपल्याकडचे निम्मे नवखे तिथूनच आले असावेत. तुम्हीही बहुधा.

पण पडद्यावर जे नीट दिसत नाही तेच या रेसचं मर्म: झोप. घड्याळ थांबत नाही. किती झोपायचं, कुठे, हे संघानंच ठरवायचं. पुढे असणारे संघ रात्रीला दोन-तीन तासांवर भागवतात, कधी तेवढंही नाही. त्यात काही नद्यांवर अंधार पडल्यावर बोट घालायला मनाई असते, त्याला डार्क झोन म्हणतात. सूर्यास्ताआधी पाण्यात उतरून टप्पा उरकला तर तुम्ही कितीतरी तास पुढे. दहा मिनिटं उशीर झाला तर काठावर सकाळपर्यंत मुक्काम. म्हणजे दुपारी डोंगरावर किती दामटायचं हा हिशोब संध्याकाळच्या नदीवरून मांडायचा. तिसऱ्या रात्री नकाशा धरणाऱ्याचं डोकं चालेनासं होतं, तेव्हा ‘नकाशा माझ्याकडे दे’ हे कोण म्हणणार आणि तो न चिडता देणार का, यावर रेस ठरते. आठ तासांच्या रेसमध्ये हे प्रश्न येतच नाहीत. तिथे पायात दम असला की भागतं. इथे एक गडी बाद झाला की बाकीचे चालत राहिले तरी क्रमवारीतून बाहेर. म्हणून सगळ्यात दमलेल्याची सॅक दुसऱ्यानं घेणं, त्याला दोरीनं ओढणं हा दयेचा भाग नाही, डावपेच आहे.

दुसरं, खेळाला आपले धोके मोठ्या रेसमध्येच कळले. 2000 ची इको-चॅलेंज बोर्निओत, सबाहमध्ये झाली. खेळाडू आपापल्या देशी परतले आणि तापानं पडू लागले. रेसमध्ये 26 देशांतले 304 खेळाडू होते. पैकी 189 जणांशी सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं संपर्क साधला, तर 80 जणांची लक्षणं लेप्टोत, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये, बसणारी निघाली. सेगामा नदीत पोहलेल्यांना धोका जास्त होता आणि आधीपासून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेणाऱ्यांना कमी. मुंबईत दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गेल्यावर महापालिका जी गोळी घ्यायला सांगते, तीच. त्यामुळे पावसाळी रेसच्या पत्रकात ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ असं दिसलं तर ती पाटी समजून सोडू नका, विशेषतः पायाला ओरखडे असतील तर.

आता तुमच्यापुरतं. थेट एक्स्पिडिशनला जाऊ नका, पण तयारी मात्र तिच्याकडे बघूनच करा. पुण्याजवळची एंड्युरो3 सुरुवातीला चांगली, तिथे तिघांचा संघ लागतो. किलोमीटर वाढवत बसण्यापेक्षा रात्रीचा नकाशा शिका. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा घ्या, शनिवारी रात्रीच्या कसारा लोकलनं निघा आणि मोबाइल सॅकच्या तळाशी, बंद. सह्याद्रीत ढोरवाटा इतक्या फुटतात की ठळक वाट म्हणजे बरोबर वाट हा समज पहिल्या तासातच जातो. उतार, ओढा आणि सोंड यांवरून जागा ओळखायची सवय लागते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रात्री हे करू नका, परवानगी नाही आणि बिबट्यांचा इलाका आहे. पावसाळ्यात अनोळखी घळीत तर अजिबात उतरू नका. वाहत्या पाण्याचा सराव कोलाडला, कुंडलिका नदीवर मिळेल. समुद्रावरच्या सपाट कयाकिंगनं ते अंगात येत नाही.

आणि तुम्ही लिहिलंय, चौघेही मित्र. विश्वविजेतेपदाच्या रेसमध्ये संघ मिश्र लागतो, त्यामुळे तुम्हा चौघांतल्या एकाला कधीतरी बाजूला व्हावं लागेल. ते आत्ताच बोलून घ्या. आयत्या वेळी ‘एखादी मुलगी शोधू’ असं करून आणलेल्या खेळाडूबरोबर तिसरी रात्र निघत नाही, कारण तिचा वेग, खाणं, चिडणं, झोप यातलं काहीच तुम्हाला माहीत नसतं आणि तुमचं तिला. सराव पहिल्या दिवसापासून तिच्यासोबतच व्हायला हवा, कसाऱ्याच्या त्या लोकलपासून.