वालाला मोड येईपर्यंत

नेवातीम, नेगेव

प्रिय बाळा,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजीने फोनवर थोडं सांगितलं होतं, पण तू स्वतः सविस्तर लिहिलंस ते बरं केलंस. ठाणं सोडून इस्रायलला यायचं, आणि तेही लोद किंवा अश्दोदला आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, माणसांत न राहता मोशावमध्ये, म्हणजे सहकारी शेतीगावात, शेतीच्या कामात, असं तू ठरवलं आहेस. "तिथले लोक मला आपलं म्हणतील का?" हा तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. म्हणतील. पण ते कसं घडतं ते आधी ऐक.

मी 1971 मध्ये रेवदंड्याहून आईवडिलांबरोबर दिमोनाला आले आणि तीन वर्षांनी लग्न होऊन या गावात. सासरचे सगळे कोचीनचे ज्यू. घरात मल्याळम, बाहेर हिब्रू आणि माझ्याकडे फक्त मराठी. लग्नानंतरचा पहिला बिरड्याचा रोजा, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, आला तेव्हा आईने दिमोनाहून वाल पाठवले. रात्री भिजत घातले, सकाळी फडक्यात बांधून ठेवले, जसे रेवदंड्याला ठेवायचे तसेच. दुपारी पाहिलं तर फडकं वाळून कडक झालेलं आणि आतले वाल सुरकुतलेले. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथे जेमतेम दोनशे. हवेतच ओल नाही, तर मोड कुठून येणार? मी ओट्यापाशी रडत बसले. सासूबाई आल्या, काही विचारलं नाही. फडकं ओलं केलं, मडक्यात ठेवलं, वरून दुसरं ओलं फडकं झाकलं आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठून, पाणी शिंपडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पांढरे मोड आले. त्यांनी एक वाल चिमटीत धरला, मोडावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "नेवेत." मग हात खिडकीबाहेर गावाकडे फिरवला आणि म्हणाल्या, "नेवातीम." आमच्या गावाच्या नावाचा अर्थच मोड, अंकुर. हिब्रूतला हा माझा पहिला धडा. बाकीचं नंतर बेर शेव्हाच्या उल्पानमध्ये, म्हणजे हिब्रूच्या वर्गात, शिकले, पण तिथलं व्याकरण मला अर्धंच लागलं.

त्या दिवशी मी त्यांना बिरडं वाढलं. पुढच्या वर्षी त्या आपण होऊन म्हणाल्या, तुझा तो दिवस आला ना, वाल कधी भिजवायचे?

बाळा, तुला सांगायचं ते एवढंच आहे. गावाने केलेलं स्वागत मनापासून घे, पण पाहुणा म्हणून फार दिवस राहू नकोस. पहिले दोन महिने लोक दारात केक आणतील, शुक्रवारी रात्री जेवायला बोलावतील, बँकेत सोबत येतील. नको म्हणू नकोस. आपल्याकडे "कशाला त्रास" म्हणायची सवय असते. इथे नाही म्हटलं की ते खरंच नाही समजतात आणि निघून जातात. मी पहिलं वर्ष त्यातच घालवलं. नंतर मात्र तुझं दारही कोणासाठी तरी उघडं असू दे. पोह्यांचा मलिदा कर, नारळ खव, एलियाहू हन्नवीचं, आपल्या एलिया प्रेषिताचं, नाव घे आणि शेजाऱ्यांना बोलाव. ते विचारतील हे काय. तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या त्याच्या रथाच्या खुणांची गोष्ट सांग. कोचीनच्या बायका तुला त्यांची मल्याळम गाणी म्हणून दाखवतील. वह्यांत उतरवलेली गाणी आहेत ती, आईकडून मुलीकडे आलेली.

कामाचं सांगते. मोशाव म्हणजे आपल्या सहकारी सोसायटीसारखं समज. शेत ज्याचं त्याने कसायचं, पाणी आणि खरेदी-विक्री एकत्र. किबुत्झमध्ये पूर्वी सगळंच सामाईक असायचं. पण तुझ्या डोळ्यांपुढचं चित्र जुनं आहे. आता बरीच घरं सकाळी गाडी काढून बेर शेव्हाला नोकरीला जातात. कोंबड्यांच्या शेड आहेत, पॉलिहाउस आहेत. मी तीस वर्षं फुलं कापली, पहाटे चारला, दव असेपर्यंत. ठिबकचं तू शिकला आहेस हे फार चांगलं. आधुनिक ठिबकचा पहिला कारखाना आमच्या शेजारच्या हात्झेरीम किबुत्झमध्ये 1965 ला सुरू झाला, त्यामुळे इथे त्यातलं सगळ्यांनाच कळतं. तेव्हा पहिल्या आठवड्यात सल्ला देऊ नकोस. व्हॉल्व उघड, फिल्टर धू, नळी कुठे गळते ते बघून दुरुस्त कर. बोलण्यापेक्षा लवकर लक्षात येतं.

घर लगेच बांधायचं मनात आणू नकोस. मोशावमध्ये कायमचं राहायचं तर समिती मुलाखत घेते. ती मुलाखत मला कधीच आवडली नाही. माणसाला गावात घ्यायचं की नाही हे एका टेबलाशी बसून ठरवावं हे मला पटत नाही. पण पद्धत आहे. म्हणून आधी वर्षभर भाड्याने राहा. ते तुला बघतील, तूही त्यांना बघ.

शनिवारी सिनेगॉगला जात जा, तुझी श्रद्धा कितीही असो. छोट्या गावात मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमणं कठीण होतं. हिवाळ्यात सकाळी नऊ जण दाराकडे बघत बसलेले असतात. तू आत शिरलास की त्या नऊ जणांचे चेहरे बघ. त्यानंतर तू नवा आलेला राहात नाहीस.

कधी कधी वाईटही वाटेल. कोणीतरी विचारेल, भारतात ज्यू असतात? एका कार्यालयात माझ्या आजोबांच्या आजोबांचा पुरावा मागितला होता. आमच्याकडे गावच्या नावावरून आडनाव आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, एवढाच पुरावा. 1962 मध्ये लग्नाच्या वेळी आपल्या बेने इस्रायलांची वंशावळ तपासायचा हुकूम निघाला होता. आपले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, तेव्हा 1964 मध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत. कोचीनच्या लोकांनाही हत्तीरोगाच्या भीतीने आधी थांबवून ठेवलं होतं. मग 1950 च्या दशकात त्यांना या ओसाड माळावर आणून सोडलं. बहुतेक जण व्यापारी, शेती कधी केली नव्हती. माझे सासरे सांगायचे, पहिल्या वर्षी लावलेलं वाऱ्याने निम्मं उपटून नेलं. ज्यांना दारात उभं केलं गेलं तेच आज पहिले केक घेऊन येतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. इथियोपियाहून आलेलं पहिलं कुटुंब आमच्याच अंगणात जेवलं.

आणखी एक. गावाच्या पलीकडे बेदुइन अरबांच्या वस्त्या आहेत. त्यातल्या कित्येकांना सरकारने मान्यता दिलेली नाही, विजेची तारही आलेली नाही. रस्त्यात भेटले की नमस्कार कर, नाव विचार. तू नवा आलेला म्हणून तुझं स्वागत होईल आणि ते मात्र कित्येक पिढ्या इथलेच. हे मनात ठेवून वाग.

आईला खरं सांग. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर इथे कोणीच पूर्वीसारखं निर्धास्त झोपत नाही. शेजारीच हवाई दलाचा तळ आहे. 2024 मध्ये इराणची क्षेपणास्त्रं आली तेव्हा आम्ही ममादमध्ये, म्हणजे घरातल्या काँक्रीटच्या खोलीत, बसून होतो. घर बघायला गेलास की स्वयंपाकघराआधी ती खोली बघ, दरवाजा नीट बंद होतो का बघ.

मराठी सोडू नकोस. माझी मुलं समजतात, बोलत नाहीत, ती माझी चूक. इथल्या "मायबोली" या मराठी नियतकालिकाचे अंक मी जपून ठेवले आहेत, आलास की देईन.

येताना वाल आणू नकोस. बियाणं, धान्य विमानतळावर अडवू शकतात, आणि दिमोनाच्या दुकानात वाल मिळतात. फक्त एक विळी आण, खवणीवाली. चेक-इनच्या बॅगेत ठेव, वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून, वर सुतळी बांधून. माझ्या खवणीचे दात झिजलेत आणि मलिद्याला मिक्सरचा नारळ चालत नाही.

तुझी,
रेवदंड्याची आजी