तिला हा विषय का हवाय?

सोलापूरहून, अशोक चौकाच्या बाजूने, एका आईचं पत्र आलंय. नाव-पत्ता गाळून थोडक्यात देते:

‘माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेऊन. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी विड्या वळते. घरात आम्ही तेलुगू बोलतो. लहानपणी मुलांवर होणारे अत्याचार आणि त्यांच्या मनावरचे आघात, यावर पुढे संशोधन करायचं असं ती म्हणते. त्यात नोकरी लागते का? रोज असलं ऐकून तिच्याच डोक्यावर परिणाम झाला तर? शेजारीण म्हणाली, ज्यांच्यावर काही घडलेलं असतं तीच पोरं असल्या विषयाकडे जातात. त्या दिवसापासून मला झोप नाही. आठवीत असताना तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न लावून दिलं, तेव्हापासून ती गप्प गप्प झाली हे खरं आहे. तिला सरळ बी.एड. करायला सांगू का?’

ताई,

आधी शेजारणीचं बोलणं बाजूला ठेवू, कारण त्यानेच तुमची झोप उडवलीय. या क्षेत्रात काम करणारी कितीतरी माणसं मी पाहिलीत. काहींना स्वतःला लहानपणी सोसावं लागलं होतं, पुष्कळांना नाही. कुणी वर्गात शिकताना या विषयाकडे वळलं, कुणी शेजारच्या घरातलं रडणं ऐकून. तेव्हा विषयावरून मुलीबद्दल काही ताडू नका आणि तिला समोर बसवून उलटतपासणी तर मुळीच घेऊ नका. विचारायचं कसं, हे शेवटी सांगते.

आता हे संशोधन म्हणजे काय ते सांगते, कारण ‘असलं’ या एका शब्दात तुम्ही ते सगळं गुंडाळलंय. अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करायचे. त्यांचे काही रुग्ण भराभर वजन उतरवायचे आणि उपचाराला यश येत असतानाच यायचे बंद व्हायचे. त्यांनी एकेकाला बोलावून आयुष्याची हकिगत विचारली, तेव्हा त्यातल्या अनेकांवर लहानपणी अत्याचार झाल्याचं बाहेर आलं. त्याआधी कुठल्याच डॉक्टरने त्यांना तसं विचारलं नव्हतं. पुढे रॉबर्ट अँडा यांच्या साथीने १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून जास्त प्रौढांकडून प्रश्नावली भरून घेतली. घरात मारहाण होती का, लैंगिक अत्याचार झाला का, आईला मार बसताना पाहिलं का, घरात कुणी दारूडा होता का, कुणी तुरुंगात गेलं का, असे प्रश्न. पहिला निबंध १९९८ साली आला. ज्यांच्या वाट्याला यातले चार किंवा जास्त अनुभव आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चारपट ते बारापट निघाला. हृदयविकाराचं प्रमाणसुद्धा वाढलेलं होतं. आणि ताई, ही माणसं बहुतेक शिकलेली, विमा असलेली, मध्यमवर्गातली होती. ‘हे झोपडपट्टीतलं दुखणं’ ही समजूत तिथेच गळून पडते.

आपल्याकडे केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे आणि मुली जवळजवळ सारखेच होते. करणारी व्यक्ती निम्म्या वेळा ओळखीची किंवा भरवशाची होती. मुलीला ‘अंधार पडायच्या आत घरी ये’ म्हणताना आणि मुलाला काहीच न म्हणताना हे आकडे मला नेहमी आठवतात.

पण हे शास्त्र नुसतं दुःखाची मोजदाद करत नाही. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा आजारपण असं अनेक अंगांनी ओझं असलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, धडधाकट, इतरांची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी मोठं माणूस टिकून राहिलेलं होतं. आजी, मावशी, शाळेतल्या बाई, कुणीही. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी अत्याचाराची किंवा हेळसांडीची न्यायालयात नोंद झालेल्या ९०८ मुलांचा अभ्यास १९८९ साली मांडला. त्यातल्या साधारण चारातल्या एकाला अल्पवयात अटक झाली होती. हे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्तच आहे, पण बाकीच्या तिघांना अटक झाली नव्हती, हेही तितकंच खरं. ‘मार खाल्लेलं पोर पुढे मारकुटंच निघतं’ असं आपण सहज बोलून जातो आणि त्या तिघांवर अन्याय करतो.

रोमानियातलं काम तुमच्या मुलीने जरूर वाचावं. तिथे अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून घरगुती पालकांकडे दिलं आणि बाकीची होती तिथेच राहिली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माया लावून घेण्याची ताकद सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून मूल नातेवाइकांकडेच राहावं म्हणून मदत दिली जाते. संशोधन आणि कायदा एकच सांगतात ते असं. आणि आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकून दिलेल्या बाळांसाठी बालकाश्रम सुरू केला होता. हे काम परक्यांकडून आलेलं नाही, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगायला उपयोगी पडेल.

आता माझं मुख्य म्हणणं. ते तुमच्या मुलीलाही वाचून दाखवा.

फार वर्षांपूर्वी, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा यायच्या आधी, मी एका शाळेत समुपदेशक म्हणून नवी होते. उत्साहाने नववीच्या वर्गाला एक प्रश्नावली वाटली: घरी भीती वाटते का, कुणाची वाटते. नावं लिहू नका म्हटलं होतं, तरी एका मुलीने नाव लिहिलं आणि खाली चार ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या आणि पुढे काय करायचं हे मला ठाऊकच नव्हतं. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी घरी बोलावणं धाडलं, आणि त्या चार ओळी ज्याच्याबद्दल होत्या तोच माणूस पालक म्हणून शाळेत आला. आठवड्याभरात तिचा दाखला काढून नेला. ती पुढे कुठे गेली, मला कळलं नाही. माझा हेतू चांगला होता. त्या पोरीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

तेव्हापासून या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: उत्तर सांभाळता येत नसेल तर प्रश्न विचारू नका. सहानुभूती पुष्कळांकडे असते. मूल बोललं की पहिल्या मिनिटाला काय म्हणायचं, काय म्हणायचं नाही, कुणाला कळवायचं, आज रात्री ते मूल कुठे झोपणार, हे शिकावं लागतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर कळवणं बंधनकारक केलंय. कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणीही पोलिसांना कळवायचं; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संशोधकाला त्यातून सूट नाही. म्हणजे ‘तू सांगितलेलं कुणालाही सांगणार नाही’ असं वचन अभ्यासासाठीसुद्धा मुलाला देता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुलांवर अभ्यास करताना आईवडिलांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. पण त्रास देणारा बापच असेल तर संमती कुणाची घ्यायची? या एका प्रश्नावर संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्यांत तासन्‌तास चर्चा होते, आणि व्हायलाच हवी.

म्हणून तुमच्या मुलीसाठी क्रम सांगते: आधी कामाचं शिक्षण, मग प्रत्यक्ष काम, मग संशोधन. बी.ए. पूर्ण करू दे, आणि संख्याशास्त्राचा कंटाळा तिला परवडणार नाही. या विषयात अर्धं भांडण आकड्यांवरूनच असतं. त्यानंतर मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. माझा कौल तिच्या बाबतीत समाजकार्याकडे आहे, कारण त्यात क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन काम, सक्तीचं असतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र आपल्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे. मुंबईच्या त्यांच्या केंद्रात बालके आणि कुटुंब या विषयावर भर देणारं समाजकार्याचं शिक्षण आहे. थेट उपचार करायचे असतील, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तिथले अभ्यासक्रम सध्या बदलताहेत, तेव्हा कुठल्याही खासगी संस्थेत फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत तिचं नाव आहे का ते पाहा. सहा आठवड्यांत ‘समुपदेशक’ करून देणाऱ्या जाहिरातींपासून तर तिला लांबच ठेवा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत बाल व किशोर मानसोपचाराचा मोठा विभाग आहे आणि ‘संवाद’ हा उपक्रम बाल संरक्षणात काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. तिने आत्तापासून त्यावर लक्ष ठेवावं.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. तुमच्या घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, आणि सोलापुरात राहून कानडी कानावर पडतेच. आघात मोजायच्या बहुतेक प्रश्नावल्या मुळात इंग्रजीत तयार झाल्यात. आपलं पोर ‘मला चिंता वाटते’ असं म्हणत नाही. पोटात दुखतंय म्हणतं, शाळेला जायचं नाही म्हणतं, नुसतं भ्या वाटतं म्हणतं. विडी कामगारांच्या घरातलं मूल तेलुगूत हे कसं सांगतं, याची नोंद करणारं माणूस त्या घरातलंच हवं. सोलापुरातल्या सेटलमेंट वसाहतीचंच बघा. गुन्हेगार जमाती कायद्याखाली काटेरी तारांमागे ठेवलेल्या त्या लोकांना १९५२ साली मोकळीक मिळाली. त्याच कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची तरतूद होती. त्या ताटातुटीचं पुढच्या पिढ्यांत काय झालं, हा विषय तुमच्या मुलीच्या शहरातच आहे.

नोकरीचं खरं सांगते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तिथे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात, पण बहुतेक कंत्राटी, आणि पगार कामाच्या मानाने कमी. बालगृहं, शाळांतली समुपदेशनाची कामं, पॉक्सोच्या खटल्यात मुलाबरोबर राहणारी साहाय्यक व्यक्ती, स्वयंसेवी संस्था, सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक अशा जागा आहेत. महिला व बाल विकास खात्याच्या अधिकारी पदांची भरती स्पर्धा परीक्षेतून होते. संशोधनासाठी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. मानसशास्त्र आणि समाजकार्य दोन्ही विषयांत ही परीक्षा आहे. पहिली चार-पाच वर्षं ओढाताणीची जातील असं धरून चाला. घरात दुसरी कमाई नसेल तर पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरी आणि मग पीएच.डी., हेच शहाणपणाचं.

तिच्या मनावर परिणाम होईल का? होतो. झोप मोडते, माणसांवरचा विश्वास पातळ होतो, स्वतःच्या मुलाला शेजारी खेळायला पाठवताना हात थबकतो. त्यावर इलाज म्हणजे एकटीने काम न करणं. दर आठवड्याला अनुभवी माणसाजवळ बसून केसबद्दल बोलायची सोय जिथे नाही, तिथली नोकरी तिने घेऊ नये, पगार कितीही असो. मुलाखतीत तिने हे तोंडावर विचारावं.

बी.एड. वाईट नाही. चांगली शिक्षिकाही कितीतरी मुलांना वाचवते. पण तिला या वाटेवरून वळवायचं म्हणून ते करायला लावू नका.

आता त्या मैत्रिणीचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय, मला ती ओळ सगळ्यात मोठी वाटली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. तशीच एक तुमच्या मुलीच्या वर्गात बसायची. तेरा-चौदा वर्षांच्या तुमच्या पोरीला तेव्हा माहीत नव्हतं की १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करता येतो, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तिने कदाचित कुणाला सांगितलंही असेल आणि कुणी ऐकलं नसेल. आणि ताई, लग्नाला तुम्हीही गेला असाल. मी दोष देत नाही, तेव्हा कोण नाही म्हणालं?

एखाद्या संध्याकाळी, पानं कापत बसला असाल तेव्हा, तिच्याकडे न बघता एवढंच विचारा: ‘तुझी ती मैत्रीण सध्या कुठं असते गं?’ ती बोलायला लागली तर विड्यांचं सूप खाली ठेवा. मध्ये काही समजावू नका, ‘जाऊ दे आता’ म्हणू नका. आणि बोललीच नाही, तर पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर तुळजापूरला जाऊन या. देवीचं दर्शन घ्या आणि संस्थेचं आवारही बघून या.