पंधरा दिवस म्हंजे नेमके किती?

प्रश्न (एक वाचक, उदगीर): सर, आमचं फर्निचरचं वर्कशॉप हाय. एका सरकारी ऑफिसची टेबल-कपाटांची ऑर्डर मिळाली, वर्क ऑर्डर ७ एप्रिल २०२६ ला हातात आली, त्यात लिहिलंय की मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत माल द्या, नाहीतर रोजचा दंड. आता तिथले बाबू म्हणतेत २२ एप्रिल, मी बोटावर मोजलं तर २५ यायलं, आन् पोरगं एक्सेलमध्ये २८ काढून बसलंय. कुणाचं धरू?

उत्तर: दादा, तिघांचंही नका धरू, माझ्या हिशोबानं २९ एप्रिल, बुधवार येतो. हसू नका, एकेकाचं बघू. बाबूंनी सरळ कॅलेंडरचे पंधरा दिवस मोजले, शनिवार-रविवार काही सोडलंच नाही, मग ऑर्डरीत 'कामकाजाचे' हा शब्द कशाला टाकला होता ते त्यांनाच विचारा. तुम्ही रविवार आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती सोडली पण शनिवार धरले, कारण तुमचं वर्कशॉप शनिवारी चालू असतं. पण राज्य सरकारच्या ऑफिसांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी माल घेऊन गेलात तर गेटवर वॉचमनच भेटणार. ऑर्डर त्यांची, मग आठवडाही त्यांचाच धरायचा, असं माझं मत.

आता पोराचं. त्यानं शनिवार, रविवार, १४ तारीख सगळं बरोबर सोडलंय, चुकी त्याची नाहीच म्हणा, नेटवर्कडेज हा फॉर्म्युला पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजतो, म्हणजे ७ तारीखच त्यानं एक नंबरला धरली आणि पंधरावा दिवस २८ ला आला. 'मिळाल्यापासून' म्हणलं की मिळाल्याचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजायची रीत आहे, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ मध्ये तेच आहे. शेवटची तारीख काढायला त्याला वर्कडे फॉर्म्युला वापरायला सांगा, त्यात सुरुवातीची तारीख, १५ आकडा आणि सुट्ट्यांची यादी द्यायची, तो सुरुवातीचा दिवस मोजत नाही आणि सरळ २९ देतो. यादी मात्र आपणच टाकायची हां, एक्सेलला ना गुढीपाडवा कळतो ना आपला १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिदिन, आणि कलेक्टर जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्या तर जिल्ह्याजिल्ह्याला वेगळ्या. सुट्टी शनिवारी आली, जसा यंदाचा १५ ऑगस्ट, तरी यादीत राहू द्या, ती दोनदा वजा होत नाही.

आणि हो, ०७-०४ टाइप केल्यावर कॉम्प्युटर त्याला ४ जुलै तर समजत नाही ना, तेवढं तपासा. माझा एकदा अख्खा तक्ता असा बोंबलला होता, अर्ध्या तारखा बरोबर, अर्ध्या उलट्या, आणि मी दोन तास फॉर्म्युल्यालाच शिव्या घालत बसलो.

हे सगळं झालं तरी बाबूंशी तोंडी वाद घालू नका. 'आमच्या हिशोबानं मुदत २९ एप्रिल येते, कृपया कळवावे' असं दोन ओळींचं पत्र द्या, पोच घ्या, आणि माल शक्यतो २२ च्या आतच टाका.

प्रश्न (एक भगिनी, जालना): शाळेचे गणवेश शिवायचं काम आहे, १२ जूनला द्यायचेत, शिलाईला २० दिवस लागतात, रविवारी सुट्टी. सुरुवात कधी करू?

उत्तर: ताई, इथं उलटं मोजायचं. एक्सेलमध्ये वर्कडे डॉट इंटल (WORKDAY.INTL) नावाचा फॉर्म्युला आहे, त्यात दिवसांच्या जागी उणे २० टाका आणि आठवड्याच्या सुट्टीच्या जागी ११, म्हणजे फक्त रविवार. उत्तर २० मे येतं, बुधवार. (आठवडी सुट्टी शुक्रवारी असेल तर ११ च्या जागी १६. बँकेसारखा दुसरा-चौथा शनिवार असेल तर त्याला कोड नाही, ११ च ठेवून ते शनिवार सुट्ट्यांच्या यादीत लिहायचे.)

पण २० मेवर विसंबू नका. मे अखेरीला बकरी ईद आहे, चंद्रावर एक दिवस इकडं-तिकडं होईल, आणि कारागीर त्यासाठी घरी जाणार असतील तर दोन दिवस धरा, मग सोमवार १८ मे. शिवाय यंदा १७ मेपासून धोंड्याचा महिना, लग्नसराई नाही हे खरं, पण तुमच्या शिलाईवाल्या बायकांच्या घरी लेकी-जावई येणार, धोंडे-पुरणाचं जेवण होणार, त्या दिवशी मशीनवर कोण बसतंय? ह्याचा फॉर्म्युला नाही. मी तर ११ मेलाच कापड कापायला घेतलं असतं.

प्रश्न (एक वाचक, परभणी): माहिती अधिकारातल्या ३० दिवसांत सुट्ट्या धरायच्या का?

उत्तर: धरायच्या, हे साधे ३० दिवस आहेत, कामकाजाचे नाहीत. फक्त तुम्ही पोस्टात टाकलं त्या दिवसापासून नाही, त्यांना अर्ज मिळाला त्या दिवसापासून, म्हणून पोच जपून ठेवा. अर्ज दुसऱ्या ऑफिसकडं वर्ग झाला तर त्यासाठी पाच दिवस वेगळे. पहिल्या अपिलालाही पुढं ३० दिवसच मिळतात, आणि ते मोजायचं काम तुमचं, तिकडून कुणी फोन करून आठवण देत नसतं.