सोळा घरं, दोन हजार रुपये आणि नाताळची भेट

या महिन्यात आलेल्या पत्रांत नाताळच्या भेटींबद्दलच सगळ्यात जास्त विचारलंय. त्यातली चार पत्रं इथे घेतेय, बाकीच्यांना त्यात आपापलं उत्तर सापडेल असं वाटतं.

प्रश्न: ताई, आम्ही वसईला राहतो. दरवर्षी नातेवाईक, शेजारी आणि ह्यांच्या ऑफिसातले धरून सोळा घरी आम्ही केक आणि ड्रायफ्रूटचा बॉक्स देतो. यंदा तीन महिने पगार अर्धाच येतोय, दोन हजारांच्या वर एक रुपया काढता येणार नाही. सासूबाई म्हणतात यंदा कुणाला काही देऊच नको. मला ते बरं वाटत नाही, पण घरी केलेलं दिलं तर लोक म्हणतील पैसे नव्हते म्हणून केलं. काय करू?

उत्तर: दोन हजारात होतं गं, आणि थोडे उरतात पण. आधी ते लोक काय म्हणतीलचं बघू. बेकरीचे बॉक्स यायच्या आधी नाताळ म्हणजे घरच्या हातचं ताटच होतं ना, गोवा-मंगळूरकडे त्याला कुसवार म्हणतात, नेवऱ्या म्हणजे करंज्या, कलकल म्हणजे छोट्या गोड तळलेल्या वळकट्या, दोदोल म्हणजे नारळाच्या दुधा-गुळाचा हलवा, पेराड म्हणजे पेरूची वडी, असं सगळं ताटात मांडून वर रुमाल झाकून घरोघरी जायचं, अजूनही जातं. वसईत हे कुणाला समजावून सांगायला नको. ज्यांना केक आवडतो त्यांच्या घरी बाकीच्यांकडून चार केक येणारच आहेत, घरचं पेराड मात्र बहुतेक एकच येईल, तुझं.

माझं ऐकशील तर दोनच पदार्थ कर, पेराड आणि कलकल, आणि सोळाही घरी तेच दे. सहा पदार्थांचं ताट करायला गेलीस की दोन हजारही पुरत नाहीत आणि २४ तारखेला मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रात्रीच्या प्रार्थनेला, जायची ताकदही राहत नाही.

आधी पेराड. डिसेंबरात पेरू भरपूर येतो म्हणून आत्ताच करायची. सोळा घरांना तीन किलो पेरू पुरतात पण ते तिन्ही किलो एकाच पातेल्यात घालू नकोस, हात भरून येतो आणि खाली लागतं, एका वेळी एक किलोच घे. पिकलेले, वासाचे पेरू चिरून थोड्याशा पाण्यात मऊ शिजव, गार कर आणि चाळणीतून घासून घे म्हणजे बिया वर राहतील. इथे कंटाळा करायचा नाही, एक जरी बी राहिली तरी दाताखाली येते आणि सगळी मजा जाते. मग जितक्या वाट्या गर तितक्याच वाट्या साखर, एका लिंबाचा रस, चमचाभर लोणी, आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर ढवळत राहायचं. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, नुसतं पातळ फदफदत असतं आणि अंगावर उडतं, म्हणून लांब दांड्याचा चमचा घे आणि हाताला कापड गुंडाळ, तो थेंब फार भाजतो. मग रंग बदलायला लागतो, फिकट गुलाबीचा विटकरी होतो, आणि पाऊण तासाच्या आसपास चमचा फिरवला की मागे पातेल्याचा तळ दिसायला लागतो आणि सगळा गोळा एकत्र येतो. बशीत गार पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकून बघायचा, त्याची गोळी वळता आली की झालं. लोणी लावलेल्या ताटात थापायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाड.

आणि एक मनापासून सांगते, वड्या पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नकोस. एका वर्षी मी घाईत नारळाच्या वड्या कोमट असतानाच भरल्या, आत वाफ धरली आणि चौथ्या दिवशी एका वयस्कर आत्यांच्या घरी त्यांच्यासमोरच डबा उघडला तर वर बुरशी. त्या काही बोलल्या नाहीत पण मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. नारळाचं म्हणून ते आठवडाभरात संपवायचंच असतं, पेराड नीट आटवलं असेल तर बाहेर दोन-तीन आठवडे सहज टिकतं, म्हणून तर ते १५ तारखेला करून मोकळं होता येतं.

कलकलला मात्र माणसं हवीत. एक किलो मैदा, दोन मुठी बारीक रवा, दोन वाट्या पिठीसाखर, चार अंडी, चार चमचे गरम तूप, चिमूटभर मीठ, आणि मावेल तेवढं नारळाचं घट्ट दूध घालून पीठ भिजवायचं आणि ओल्या कापडाखाली तासभर ठेवायचं. मग बोराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबून पसरायची आणि गुंडाळत सोडवायची, काटे कमी पडले तर कोरी धुतलेली फणी चालते, आमच्याकडे मुलांच्या हातात फणीच असायची. मध्यम आचेवर तळायच्या, मोठ्या गॅसवर वरून लाल होतात आणि आत कच्च्या राहतात. सासूबाईंना तळायला बसव. देऊ नको म्हणणारं माणूस कढईपाशी बसलं की कुणाला किती द्यायचं तेही तेच ठरवायला लागतं, असं मी दोन घरांत बघितलंय.

आमच्या बाजारभावाने सगळा माल हजार-अकराशेच्या आत बसतो. डबे विकत घेऊ नकोस. तुमच्याकडे सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, केळीच्या सुकलेल्या पानात बांधतात ना, तसंच कर. वडी आधी बटर पेपरमध्ये, मग बाहेरून सुकं पान आणि वर केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ, पानं ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवून घे. कलकल घरातल्या धुतलेल्या काचेच्या बरण्यांत भर. प्रत्येक पुडीवर एक चिठ्ठी लाव, कधी केलं आणि कधीपर्यंत खायचं, कलकलमध्ये अंडं आहे हे पण लिही म्हणजे जे खात नाहीत त्यांची पंचाईत होणार नाही. उरलेल्या पैशातून मिस्टरांच्या ऑफिसात कुणाला डायबेटिस असेल तर त्यांना अर्धा किलो खारे शेंगदाणे घरी भाजून दे, गोडाची पुडी त्यांच्या हातात ठेवू नकोस.

प्रश्न: आम्ही पुण्यात भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती काकू दर नाताळला सकाळी करंज्या, चकल्या, केक असं ताट पाठवतात. आम्ही दिवाळीला फराळ देतो पण नाताळला आपणहून काहीतरी द्यावं असं दोन वर्षं मनात आहे. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. दोन लहान मुलं आहेत, त्यांनाही करता येईल असं आणि शंभर-दीडशेत बसणारं काही सुचवाल का?

उत्तर: तुम्ही त्यांना नाचणीचं शेत द्या. खरंच सांगते. नाताळला घरात येशूजन्माचा गोठा मांडतात, ही चाल असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडलेल्या गोठ्यापासून आली असं मानतात, आणि मुंबई-गोव्याकडच्या कितीतरी घरांत त्या गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आधी दहा-बारा दिवस नाचणी किंवा गहू पेरतात. तुम्ही नवरात्रात घट बसवत असाल तर तुम्हाला हे सगळं येतंच, वेगळं काही शिकायचं नाही.

आधी काकूंना विचारा त्या गोठा मांडतात का आणि कधी मांडतात. सगळेच मांडत नाहीत, आणि विचारल्याने भेटीची गंमत जात नाही, उलट त्यांना बरंच वाटेल. मग मिठाईचे जुने पसरट डबे नाहीतर नारळाच्या करवंट्या घ्या, तळाला खिळ्याने भोकं पाडा, दीड इंच माती आणि थोडं शेणखत भरा. मूठभर नाचणी रात्रभर भिजवून मातीवर दाट पसरवा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि दोन दिवस ओलं फडकं घाला. पाणी तांब्याने ओतायचं नाही, मुलांच्या हाताने शिंपडून घ्या, जास्त झालं की बी कुजतं आणि पांढरी बुरशी येते. कोंब दिसले की खिडकीत ठेवा, अंधारात ठेवलं तर घटासारखे पिवळे लांब होतात आणि गोठ्याला हिरवे छान दिसतात. नाचणी सावकाश येते म्हणून १० तारखेच्या आत पेरा, उशीर झाला तर गहू घ्या, तो आठ-नऊ दिवसांत बोटभर होतो. तीन-चार करवंट्या झाल्या की २१-२२ ला मुलांनाच वर घेऊन पाठवा. आणि २५ ला ताट आलं की ते रिकामं परत करू नका, तिळाच्या चार वड्या असल्या तरी चालतील.

प्रश्न: मी नागपूरला नर्स आहे. २३ ते २६ सलग ड्युटी आहे, माझ्या होस्टेलवर एकच इंडक्शन आहे आणि आमच्या वॉर्डातल्या सात जणींना काहीतरी द्यायचंय. वेळेत झालं नाही तर काय?

उत्तर: वेळेत म्हणजे २५ च्या आतच असं नाहीये. ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, ज्यांना तीन राजे म्हणतात, बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले त्याचा, तोपर्यंत दिलेली भेट नाताळचीच. मग ३१ ला सुट्टी असेल तर ३१ ला करा, बिनधास्त.

आणि तुम्ही नागपुरात आहात तर संत्र्याच्या सालीची कँडी करा. संत्री खायची वॉर्डात सगळ्यांनी मिळून, साली तुम्ही घेऊन यायच्या. सोलायच्या आधी फळ कोमट पाण्यात चोळून धुवा. सालींच्या पट्ट्या कापून पाण्यात उकळा, ते पाणी फेका, परत नव्या पाण्यात उकळा, असं दोनदा केलं की कडवटपणा जातो, आपल्या संत्र्याची साल पातळ असते म्हणून त्याहून जास्त नको, लगदा होतो. मग एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी याच्या पाकात साली पारदर्शक दिसेपर्यंत मंद शिजवायच्या, ताटात सुट्या पसरून एक-दोन दिवस वाळवायच्या आणि साखरेत घोळवायच्या. नाईट ड्युटीला चहाबरोबर दोन तुकडे तोंडात टाकता येतात, सात जणींना सात छोट्या पुड्या, खर्च फक्त साखरेचा.

प्रश्न: मी नववीत आहे. आजी अहिल्यानगरजवळ गावी असते. तिला मोतीबिंदूमुळे नीट वाचता येत नाही, चर्चमध्ये गीतांचं पुस्तक नुसतं हातात धरून बसते. माझ्याकडे ऐंशी रुपये आहेत. तिला काय देऊ?

उत्तर: बाळा, उत्तर तू स्वतःच लिहिलंयस पत्रात. तिच्यासाठी मोठ्या अक्षरांचं गीतांचं पुस्तक कर. दोनशे पानी वही घेऊ नकोस, जड होते, ड्रॉइंगची कोऱ्या पानांची वही घे आणि एक काळा जाड मार्कर. मार्कर पानाच्या मागे उमटतो म्हणून एकाच बाजूला लिही. एका पानावर सहाच ओळी, अक्षर अंगठ्याएवढं, दोन ओळींत भरपूर जागा, आणि निळी-हिरवी शाई अजिबात नको, पांढऱ्यावर काळंच तिला दिसेल. पहिलं पान लिहिलंस की आईकडून आजीला फोटो पाठवून नाहीतर प्रत्यक्ष दाखवून विचार, दिसतंय का, मगच पुढे लिही. नाताळला म्हणतात ती आठ-दहा गीतं पुरेत. गीताचा नंबर वर मोठा लिही कारण चर्चमध्ये नंबर सांगतात आणि तिला तो शोधावा लागतो. आईच्या जुन्या साडीचा तुकडा फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवून कव्हर कर, ऐंशी रुपयात सगळं होतं. शेवटची चार पानं कोरी ठेव, तिच्या लहानपणी ती जे म्हणायची ते एखादं गीत पुस्तकात नसेलच, ते तिला म्हणायला सांग आणि तिच्या शेजारी बसून तिथे लिही.