पोलोच्या पुढच्या बम्परमधला टो हुक जाम झालाय, फिरतच नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की शिंदखेड्याकडे शेताच्या रस्त्यात पोलो रुतली, ट्रॅक्टरने ओढून काढली आणि आता तो ओढायचा हुक, म्हणजे बम्परच्या भोकातून आत आट्यांनी बसणारा रिंगवाला दांडा, हलायचं नाव घेत नाही, टॉमी (लोखंडी दांडी) घालून दोघं जण लटकले तरी नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय बम्पर कापावं लागेल. कापू नका भाऊ, निदान एवढ्यात तरी नको.

आमचं अमळनेरला वर्कशॉप आहे, काम मुख्यतः ट्रॉली, नांगर, रोटाव्हेटर असलंच, पण पावसाळा लागला की असे अडकलेले हुक पण येतात. माझा पहिला प्रश्न एकच असतो, फिरवत कुठल्या बाजूला होते? कारण पोलोच्या हुकाला उलटे आटे असतात. फोक्सवॅगन, स्कोडा या गाड्यांचा हुक डावीकडे म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवून बसतो, आणि निघतो तो उजवीकडे फिरवल्यावर. आपला हात आयुष्यभर साधे नट खोलून तयार झालेला, तो सवयीने डावीकडेच जोर लावतो, आणि तसा लावला की हुक खुलत नाही, उलट अजून आवळत जातो. तुमचे दोघं कुठल्या बाजूला लटकले होते ते आधी आठवा. आमच्याकडचा जुना मिस्तरी असा हुक पाहिला की नुसतं म्हणतो "भाऊ, हाऊ उलटा आटाना शे" (हा उलट्या आट्यांचा आहे), टॉमी दुसऱ्या बाजूने घालतो, आणि बरेचदा काम तिथेच संपतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र सगळ्या गाड्यांना हाच नियम लावू नका. ह्युंडाईच्या मॅन्युअलमध्ये हुक उजवीकडे फिरवून बसवायला सांगितलंय, म्हणजे साधे आटे. मॅन्युअल हरवलं असेल तर त्याच मॉडेलचा हुक कोणाच्या डिकीतून नाहीतर भंगारवाल्याकडून बघायला घ्या आणि उभा धरा, आटे उजवीकडे वर चढत गेलेले दिसले तर सुलटे, डावीकडे वर चढत गेलेले दिसले तर उलटे. वरची बाजू खाली केली तरी हे बदलत नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

आता दिशा बरोबर असूनही हलत नसेल तर कारण शोधा, कारण इथून पुढे इलाज वेगवेगळे आहेत. आपल्या भागात गंजापेक्षा आधी संशय काळ्या मातीवर घ्यायचा. ओली असताना ती आट्यांत घुसते आणि दोन दिवस ऊन लागलं की सिमेंटसारखी धरते. लोक काय करतात, आल्या आल्या डब्ल्यूडी-४० चा फवारा मारतात. माती तेलाने सुटत नाही, पाण्याने सुटते, तेल मारलं की वरून नुसता चिखलाचा मलम तयार होतो. म्हणून आधी भोकात पाणी मारा, भिजू द्या, जुन्या टूथब्रशने खरवडा, परत पाणी, आणि पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून घ्या. पूर्ण कोरडं झालं की मगच तेल. तेल मारताना गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, म्हणजे तेल दांड्यावरून आत आट्यांकडे उतरेल, सपाट जागेवर ते बम्परवरून खालीच टपकतं. रात्रभर मुरू द्या, मध्ये एकदा परत मारा. नेटवर थिनर-अ‍ॅसिटोनची मिश्रणं सांगतात, ती इथे नको, बम्परचा रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातील.

सकाळी रिंगच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने सरळ आतल्या दिशेने ठोका द्या, घण नाही, मध्यम हातोडी. दणक्याने गंज आणि उरलेली माती तडकते. आडवा ठोका अजिबात नको. आणि हे सगळं करताना इग्निशन बंद, चावी काढलेली, कारण पुढे एअरबॅगचे सेन्सर असतात. मग व्हील पाना रिंगमधून आरपार घाला, आधी जरासं बसवायच्या बाजूला दाबा, मग खोलायच्या बाजूला, असं पुढे-मागे. केसभर जरी हलला तरी घाई नको, परत तेल, परत पुढे-मागे. पान्यावर लांब पाईप चढवून एका झटक्यात ओढलं की रिंग पिळवटते किंवा दांडा आतच तुटतो, आणि मग खरंच मोठं काम निघतं.

तुमच्या बाबतीत मला अजून एक शंका आहे. ट्रॅक्टर सरळ पुढे होता का बाजूला? बांधावरून तिरकं ओढलं असेल तर हुकाचा दांडा वाकला असणार. हा हुक सरळ ओढीसाठी असतो, बाजूच्या ओढीने वाकतो. ओळखायचं असं की थोडा फिरला की रिंग जागच्या जागी गोल न फिरता भोवऱ्यागत वाकडीतिकडी फिरते आणि एका जागी बम्परच्या भोकाच्या कडेला येऊन अडते. म्हणजे आटे मोकळे आहेत, अडवतंय ते प्लास्टिक. अशा वेळी बम्परचं कव्हर खोलायचं, क्लिपा आणि स्क्रूच असतात, कुठलाही डेंटिंगवाला खोलून देतो. रिंग कव्हरच्या भोकातून पार होत नसेल तर ग्राइंडरने फक्त रिंग कापा, बम्पर नाही. कापताना रंगावर आणि काचेवर ओलं गोणपाट टाका, ठिणग्या काचेला चिकटल्या की निघत नाहीत. आणि दांडा दोन-तीन बोटं बाहेर शिल्लक ठेवा, अगदी मुळाशी कापला तर पकडणार काय? कव्हर निघालं की त्या उरलेल्या दांड्याला पाईप पाना लावून उजवीकडे फिरवा, निघतो. हुक नवा मिळतो, बम्परपेक्षा स्वस्तच पडतो.

गॅस लावून लाल करू म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. मागे एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, वायरिंग सगळं हातभर अंतरात, शिवाय हुक ज्या बीमला, म्हणजे बम्परमागच्या आडव्या लोखंडी पट्टीला बसतो, तो धडकेत मार खायला बनवलेला असतो, तसं मजबूत स्टील तापवून लाल केलं की त्याची ताकद जाते आणि वरून काही दिसत पण नाही. दांडा मुळाशी तुटलाच तर त्यावर नट वेल्ड करून फिरवतात, तेवढं चालतं, पण कव्हर काढून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून, आणि ज्याचा हात पातळ कामाला बसलाय अशा वेल्डरकडूनच. ट्रॉलीचे जाड जोड मारणाऱ्याकडे नको, आमच्याकडे सुद्धा सगळ्यांना मी ते करू देत नाही.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही, पण गर्दीत जपून, पुढे आलेलं लोखंड कोणाच्या गुडघ्याला लागलं तर हाडच मोडेल. आणि या हुकाला परत दोर बांधू नका, अर्धवट आट्यांवर ताण आला तर तो सुटून ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत जाईल एवढ्या जोरात उडतो.

निघाल्यावर नवा हुक नुसत्या हाताने कॉलरपर्यंत, म्हणजे दांड्यावरच्या कड्यापर्यंत बसतोय का बघा. मध्येच अडला तर आटे मारले गेलेत, लेथवाल्याकडून उलट्या आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून घ्या (साधा टॅप घातला की उरलेले पण गेले), आणि तरी ढिला बसत असेल तर बीम बदला, जुगाड करू नका. आधी दिशा तपासा आणि काय झालं ते इथेच कळवा, जमलं तर बम्परचा समोरून एक फोटो टाका, रिंग वाकडी आहे का ते त्यावरून सांगता येईल.