कॅनडाचं पोलाद अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेला धोका कसं काय ठरतं?

तुम्ही विचारलंय की कॅनडा हा अमेरिकेचा शेजारी आणि नाटोतला साथीदार. मग त्याच्या पोलादावर राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने कर लावण्याला काही अर्थ आहे, की हा नुसता मतांचा खेळ?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅनडाच्या पोलादाला अमेरिकेत कोणी घाबरत नाही. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द लिहिल्याशिवाय एक विशिष्ट कुलूप उघडत नाही, म्हणून ते लिहिले जातात.

मी ओहायोत एका लहान कारखान्यात परचेस बघतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, ब्रॅकेट आणि क्लॅम्प करून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना द्यायचे, असं आमचं काम. साठेक माणसं. म्हणजे मी पोलाद विकत घेणाऱ्यांच्या बाजूचा. पोलाद गाळणाऱ्याला विचाराल तर तो दुसरंच सांगेल, आणि तोही खोटं बोलत नसेल.

आता ते कुलूप. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे आयातकर लावायचा हक्क काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा आहे. पण काँग्रेसने वेळोवेळी त्यातला थोडाथोडा हक्क राष्ट्राध्यक्षांच्या हवाली केला. १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याचं कलम २३२ त्यातलंच. वाणिज्य खातं चौकशी करतं, त्याला २७० दिवस. त्यात संरक्षण खात्याशी सल्लामसलत होते. मग राष्ट्राध्यक्षांना ठरवायला ९० दिवस. संसदेत मतदान नाही, कराला वरची मर्यादा नाही. आणि सुरक्षा म्हणजे काय? तर त्याच कलमात म्हटलंय की आयातीमुळे एखादा देशी उद्योग खिळखिळा होत असेल, रोजगार जात असतील, सरकारचा महसूल बुडत असेल, तर तेही जमेस धरावं. यात न बसणारी वस्तू शोधायलाच वेळ लागेल. (१९७७ च्या आणीबाणीच्या कायद्याखाली लावलेल्या करांचं प्रकरण निराळं, ते कोर्टात गेलं. त्यात इथे शिरत नाही.)

हे ट्रम्प यांनी शोधून काढलं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९५९ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सुरक्षेच्याच नावाने परदेशी तेलावर कोटा बसवला होता. युद्धाच्या वेळी समुद्रापलीकडून तेल येईल याचा भरवसा काय, हा मुद्दा. जमिनीवरून येणारं तेल मात्र भरवशाचं, म्हणून कॅनडा-मेक्सिकोहून जमिनीवरून येणाऱ्या तेलाला सूट. पण मेक्सिकोचं तेल यायचं जहाजाने! मग लोकांनी काय करावं? टेक्सासच्या ब्राउन्सव्हिल बंदरात जहाजातून तेल उतरवायचं, ट्रकमध्ये भरायचं, ट्रक पुलावरून पलीकडे मेक्सिकोत न्यायचा, तिथेच वळवायचा आणि परत अमेरिकेत आणायचा. झालं ते जमिनीवरून आलेलं तेल. हे गुपचूप नव्हे, कस्टम्सच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं चाललं. कोटा उठला १९७३ साली, तोवर अमेरिका स्वतःच्याच विहिरी उपसत राहिली होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं.

परत पोलादाकडे. मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के कर आला तो या कलमाखाली. तेव्हाचे संरक्षणमंत्री जिम मॅटिस यांनी वाणिज्य खात्याला लेखी कळवलं होतं की सैन्याची गरज देशातल्या उत्पादनाच्या जेमतेम ३ टक्के आहे, आणि मित्रदेशांवर होणाऱ्या परिणामाची आपल्याला काळजी वाटते. अन्याय्य आयातीने सुरक्षेला बाधा येते हेही त्यांनी मान्य केलं होतं, ते लपवत नाही. तरी १ जून २०१८ पासून कॅनडावर कर बसलाच. हाच तो कॅनडा, ज्याचे कारखाने अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यात देशाच्या संरक्षण-उद्योगाचा भाग धरले जातात. आणि गंमत म्हणजे २००१ साली बुश सरकारच्या वाणिज्य खात्याने याच कलमाखाली लोहखनिज आणि अर्धतयार पोलादाची चौकशी केली होती. निष्कर्ष: सुरक्षेला धोका नाही.

मग मतांचं काय? २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया ४४ हजारांच्या आसपास मतांनी ट्रम्प यांच्याकडे फिरलं, मिशिगन तर ११ हजारांहून कमी. ही पोलादाची आणि मोटारींची राज्यं. त्यामुळे इथे पक्षाची रेघ उपयोगी पडत नाही. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर शेरॉड ब्राउन कराच्या बाजूने होते, तर पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन पॅट टूमी विरोधात. बायडन आले तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाटलं होतं की आता कर जाणार. गेला नाही. युरोप, जपान, ब्रिटनला ठरावीक कोट्यापुरती सूट मिळाली, बाकी ढाचा तसाच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने हा कर नियमबाह्य ठरवला, त्यावर बायडन सरकारचं उत्तर असं की आमची सुरक्षा कशात आहे हे तुम्ही ठरवायचं नाही.

याच बायडन यांनी जानेवारी २०२५ मध्ये जपानच्या निप्पॉन स्टीलला यू. एस. स्टील विकत घ्यायला मनाई केली, कारण पुन्हा तेच, राष्ट्रीय सुरक्षा. जपान! जिथे अमेरिकेचे पन्नास हजारांवर सैनिक राहतात. सहा महिने जात नाहीत तोच ट्रम्प यांनी सरकारच्या हाती नकाराधिकार देणारा एक ‘गोल्डन शेअर’ ठेवून तोच व्यवहार मंजूर केला.

माझ्या टेबलावर हे सगळं कसं उतरतं ते सांगतो. आम्ही जर्मनीहून स्प्रिंग स्टीलची पट्टी मागवायचो. २०१८ नंतर करातून सूट मागायची तर अर्ज करायचा, आणि अर्ज कसा? एका मापाला एक. जाडी तीच, रुंदी वेगळी, तर अर्ज वेगळा. आमची मापं अकरा. मी आणि आमचा क्वालिटीवाला दोन शनिवार बसून अकरा अर्ज भरले: रसायन, ताण, कडकपणा, कुठे वापरणार, देशात का मिळत नाही. मग देशी उत्पादकाला हरकत घ्यायची मुभा. एकाने सात मापांवर घेतली, ‘आम्ही बनवू शकतो’ म्हणून. त्याच्याकडे कोटेशन मागितलं तर किमान ऑर्डर एवढी की आम्हाला चार वर्षं पुरली असती. मोठ्या कंपन्यांनी या कामाला वकील ठेवले होते. आमच्याकडे शनिवार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही सूट मागायची सोयच बंद झाली.

याने देशाचा फायदा किती झाला? अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये हिशेब मांडला. २०२१ या वर्षी करामुळे देशातलं पोलाद आणि ॲल्युमिनियमचं उत्पादन सव्वादोनशे कोटी डॉलरच्या घरात वाढलं, आणि तेच पोलाद-ॲल्युमिनियम वापरणाऱ्या उद्योगांचं उत्पादन सुमारे ३४० कोटी डॉलरने घटलं. त्या ३४० कोटींत कुठेतरी आमची बंद झालेली दुसरी पाळी आहे.

याचा अर्थ सुरक्षेचा प्रश्नच खोटा असं मी म्हणणार नाही. तो दुसरीकडे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात जे खास पोलाद लागतं, ज्याला आपल्याकडचे ट्रान्सफॉर्मरवाले सीआरजीओ म्हणतात, ते अख्ख्या अमेरिकेत एकच कंपनी बनवते, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावात. वादळात उपकेंद्र गेलं तर नवा मोठा ट्रान्सफॉर्मर मिळायला महिनोन्महिने लागतात. हा मला खरा धोका वाटतो. किंवा रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मूलद्रव्यांपासून केलेली चुंबकं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि मोटार कारखान्यांची पळापळ झाली. आमच्या ग्राहकांचे फोन ‘तुमच्या भागात चुंबक आहे का’ असे विचारायला यायचे. (ब्रॅकेटमध्ये चुंबक!) त्यावर जुलैत पेंटागॉनने कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीच्या कंपनीत ४० कोटी डॉलर घातले आणि मालाला किमान भावाची हमी दिली. सरकारने खाजगी खाणीत भागीदार व्हावं का, यावर भांडता येईल. पण इथे निदान कोणती वस्तू, कोणाकडून अडते, आणि ती घरी करायला किती पैसे लागतील, हे सांगितलेलं आहे. सरसकट करात यातलं काहीच सांगावं लागत नाही.

भारताचंही पोलाद यात अडकलंच. भारताने जून २०१९ मध्ये उत्तर दिलं ते बदाम, अक्रोड आणि सफरचंदावर. वॉशिंग्टन सफरचंदावर ५० टक्के शुल्क होतं ते ७० झालं, आणि ते वाढीव २० टक्के २०२३ मध्ये उतरलं. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गच्या पोलाद-भट्टीसाठी लावलेल्या कराची भरपाई चार वर्षं वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदवाल्याने केली. त्याची मतं कोणत्याही चुरशीच्या राज्यात नव्हती.

कॅनडाचं म्हणाल तर आमचा बराचसा पत्रा ऑन्टारिओतल्या हॅमिल्टनहून येतो, बफेलोचा पूल ओलांडून, सकाळी निघालेला ट्रक दुपारी दारात. ४ जून २०२५ ला रात्री १२ वाजून १ मिनिटाने कर २५ वरून ५० टक्के झाला. आमचे दोन ट्रक त्या रात्रीचे. एक संध्याकाळीच पलीकडून आला, दुसऱ्याचा टायर गेला आणि तो पहाटे आला. कस्टम्स ब्रोकरने दोन बिलं पाठवली, दुसऱ्यावरची ड्युटी बरोबर दुप्पट. मी दोन्ही ट्रकमधल्या कॉइलची (पत्र्याच्या गुंडाळ्यांची) टेस्ट सर्टिफिकेटं शेजारी ठेवून पाहिली. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याचा नंबर, एकच होता.