मुंबईतल्या जुन्या चाळीत नळाच्या पाण्यात शिसं येतंय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की शिकागोतल्या भावाला त्याची नळजोडणी शिशाची आहे का ते बघायला सांगितलं, आणि तेव्हापासून गिरगावातल्या तुमच्या चाळीतल्या पाण्याची, त्यातही धाकट्या लेकीची, तुम्हाला काळजी वाटतेय. काळजी रास्त आहे. मी आमच्या जुन्या इमारतीचं पाण्याचं काम बघते, त्यावरून सांगते.

शिकागोत १९८६ पर्यंत रस्त्यातल्या वाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप शिशाचाच टाकायचा नियम होता, म्हणून तिथे आधी पाइप बघतात. आपल्याकडे जुन्या इमारतींत मी तरी जीआयचेच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचेच पाइप पाहिलेत. तरी एकदा खात्री करा. मीटरपाशी पाइप उघडा असतो, त्याला लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर किल्लीने हलकेच खरवडा. तांबूस दिसलं तर तांबं, आणि किल्ली सहज रुतून खाली चांदीसारखी चकाकी दिसली तर शिसं.

पाइप लोखंडी निघाला म्हणून विषय संपत नाही. जुने प्लंबर जीआयच्या आट्यांवर धागा गुंडाळून सफेदा, म्हणजे पांढरा लेप, फासायचे, आणि पूर्वीचा सफेदा म्हणजे शिशाचाच. पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात, त्यामुळे पितळी नळ आणि व्हॉल्व्हही आले. शिवाय पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे पाइप: ते बनवताना शिशाचे क्षार मिसळायची पद्धत होती, त्यावर केंद्राने नियम आणले ते २०२१ मध्ये. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी तुमची लाइन त्याआधीची असेल तर माझा पहिला संशय तिच्यावर.

हे डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. पाणी तपासूनच घ्यावं लागतं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत फोन करून ‘पिण्याच्या पाण्यातलं शिसं’ असं स्पष्ट सांगा, कारण नेहमीची तपासणी जंतूंची असते. बाटल्या त्यांच्याकडूनच आणा. रात्री स्वयंपाकघरातला नळ बंद केला की सकाळपर्यंत कोणी उघडायचा नाही. सकाळी पहिली धार सोडून न देता थेट बाटलीत धरा. लोक इथेच चुकतात, सवयीने आधी थोडं पाणी वाहू देतात. मग पाचेक मिनिटं पाणी बादलीत सोडून दुसरी बाटली त्याच नळाची भरा. तिसरी पालिकेचं पाणी आलेलं असताना, खालच्या टाकीत पडण्याआधी. पहिल्या बाटलीतच शिसं जास्त आलं तर नळ किंवा त्याच्या जवळचा सांधा. पहिल्या दोन्हींत आलं आणि तिसरी स्वच्छ निघाली तर इमारतीची टाकी किंवा लाइन, म्हणजे खर्च सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून करायचा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

रिपोर्ट येईपर्यंत लेकीच्या पिण्याचं आणि वरण-भाताचं पाणी सकाळची धार सोडून दिल्यावर भरा. सोडलेलं पाणी लादी पुसायला चालतं. गिझरचं पाणी स्वयंपाकाला अजिबात नको, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही, उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. नुसत्या यूव्ही फिल्टरचाही उपयोग नाही, आरओने मात्र ते निघतं.

बालरोगतज्ज्ञांशी बोलून लेकीच्या रक्तातलं शिसंही एकदा तपासून घ्या. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि सुरक्षित अशी पातळी कुठलीच नाही. पाणी चांगलं निघूनही रक्तात शिसं आलं, तर चाळीच्या दारं-खिडक्यांवरचा पोपडे सुटलेला जुना ऑइलपेंट आणि सुटी आणलेली भडक पिवळी हळद आधी बघा, त्यांतही शिसं असू शकतं.